‘पाचशेच प्रती छापल्या होत्या’ म्हणे!

ठाण्यात माळे रिकामे होतात ते एकतर दिवाळीच्या साफसफाईत, नाहीतर इमारत पुनर्विकासाला गेल्यावर. या खेपेची जुन्या कॉमिक्सबद्दलची बरीच पत्रं दुसऱ्या कारणाने आली आहेत.

आमची इमारत पुनर्विकासाला गेली. सासऱ्यांच्या माळ्यावर मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा मोठा गठ्ठा निघाला. रद्दीवाला किलोवर मागतोय. ओळखीचे एक गृहस्थ गठ्ठा बघून ‘सगळ्याचे मिळून तीन हजार देतो’ म्हणाले. द्यावेत का?
– एक वाचक, नौपाडा

रद्दीवाल्याला तर नाहीच, आणि त्या गृहस्थांनाही आज नाही. सुतळी न सोडता जो एकरकमी भाव सांगतो, त्याला वरचे दोन-चार अंक चांगले ओळखता आलेले असतात.

आधी वही घेऊन यादी करा: अंकाचा क्रमांक, महिना-वर्ष, कथेचं नाव, मुखपृष्ठ शाबूत आहे का, आणि पिनांपाशी असलेलं मधलं जोडपान जागेवर आहे का. हे मधलं पान सगळ्यात आधी निखळतं, आणि विकणारे त्याबद्दल सगळ्यात शेवटी बोलतात. काही अंक एकत्र बाइंडिंग केलेले निघाले तर ते सोडवू नका. बाइंडरने कडा कापलेल्याच असतात, सुटे करताना उरलेलं अंगही जाईल.

आता मोलाबद्दल. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू केलं. पहिले ३२ अंक केवळ वेताळाचे, म्हणजे फँटमचे. मॅन्ड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन नंतर आले, १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, आणि १९९० मध्ये सगळंच बंद पडलं. मूळ कथापट्ट्या आपल्या पानांत बसवताना चौकटी छाटल्या जात. वेताळाच्या देशाचं नाव बंगालची आठवण करून देतं म्हणून ते ‘डेंकाली’ केलं गेलं. हे रूप परदेशी आवृत्त्यांत मिळत नाही, त्यामुळे ऑस्ट्रेलिया-स्वीडनमधले फँटमप्रेमीही इंद्रजाल शोधतात. मात्र ते शोधतात इंग्रजी. मराठी अंक आपल्याच मुलखात खपले, वाचनालयांतून भाड्याने फिरले, चिंध्या होईपर्यंत वाचले गेले. त्यामुळे उरले कमी, पण मागणारेही मोजकेच. साठच्या दशकातले अंक असतील तर एकेक करून, यादी दाखवून विका. साप्ताहिक झाल्यानंतरच्या ऐंशीच्या दशकातल्या अंकांकडून फार आशा ठेवू नका. ते सासऱ्यांची आठवण म्हणून घरात ठेवले तरी तोटा नाही.

ऑनलाइन एक विक्रेता एका जुन्या हिंदी कॉमिकबद्दल ‘फक्त ५०० प्रती छापल्या होत्या’ असं लिहितो आणि दहापट भाव लावतो. हे पडताळायचं कसं?
– एक वाचक, कोपरखैरणे

त्याला एकच विचारा: आकडा कुठून मिळाला?

अमेरिकेत टपाल सवलत घेणाऱ्या नियतकालिकांना वर्षातून एकदा सरासरी छपाई आणि विक्रीचे आकडे अंकातच छापावे लागत. त्यामुळे तिथल्या कित्येक जुन्या कॉमिक्सच्या प्रतींबद्दल आधाराने बोलता येतं. आपल्याकडे फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’चं निवेदन असतं. त्यात मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक सगळे पत्त्यांसह हजर असतात, प्रतींची संख्या तेवढी नसते. प्रकाशकाची वही कुणी पाहिलेली नसेल, तर ‘पाचशे’ हा आकडा विक्रेत्याच्या इच्छेतून आलेला आहे असं धरून चालायला हरकत नाही. अलीकडचे छोटे प्रकाशक अंकावर क्रमांक घालून मर्यादित प्रती काढतात. तिथे अर्थातच गोष्ट वेगळी.

आणि समजा, आकडा खरा निघाला, तरी त्यावरून भाव ठरत नाही. सुपरमॅनचा जन्म झाला तो ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १९३८ मध्ये सुमारे दोन लाख छापला होता. आज त्याच्या शंभरेक प्रती माहीत आहेत, कारण तेव्हा मुलांनी तो वाचून टाकून दिला. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक आला, तो लाखोंनी खपला. लोकांनी तो ‘पुढे सोनं होईल’ म्हणून पिशवीसकट जपून ठेवला. सगळ्यांनीच जपला, म्हणून तो आजही सहज मिळतो. तेव्हा किती छापले यापेक्षा किती उरले आणि किती जणांना हवेत, हे विचारा.

छपाई खरोखर कमी असेल तर नकलेची भीती वाढते. ‘सेरेबस’ या कॅनेडियन कॉमिकचा पहिला अंक १९७७ मध्ये दोनेक हजारच निघाला होता, तर लोकांनी त्याच्या बनावट प्रती छापल्या. आतल्या मुखपृष्ठाच्या चकाकीवरून जाणकार त्या ओळखतात. म्हणून विक्रेत्याकडे नुसत्या मुखपृष्ठाचा फोटो मागू नका. आतलं मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि पिनांसकट मधलं पान मागा. अंक हातात आला की भिंगाखाली धरा. जुन्या छपाईत रंगांचे ठिपके ओळीने, स्वच्छ दिसतात. स्कॅन करून काढलेल्या नकलेत ते फिसकटलेले असतात आणि काळी अक्षरंही कडेला रंगीत दिसतात.

माझ्या इंद्रजालच्या संग्रहात १२३ आणि १२४ हे दोनच क्रमांक नाहीत. वाट्टेल ती किंमत देईन.
– एक वाचक, ऐरोली

पैसे खिशात ठेवा. संपामुळे हे दोन अंक छापलेच गेले नाहीत. कुणी विकायला आणलेच, तर मला मात्र जरूर कळवा, ती कारागिरी बघायची आहे!

माझ्याकडे अमर चित्र कथेचा इंग्रजी ‘कृष्ण’ आहे. त्यावर ५०१ क्रमांक आहे, पण भाऊजी म्हणतात ‘कृष्ण’ अकरावा. मग माझा अंक जुना की नवा?
– एक वाचक, वाशी

भाऊजींचं बरोबर आहे. पहिले दहा क्रमांक सिंड्रेलासारख्या परदेशी परीकथांना गेले होते, राम वाईरकरांनी चितारलेला ‘कृष्ण’ अकरावा. पुढे नव्या क्रमवारीत पुनर्मुद्रणांना ५०१ पासून क्रमांक दिले गेले. म्हणजे तुमचा अंक नंतरचा. तो पुन्हापुन्हा छापला गेल्यामुळे दुर्मिळ म्हणता यायचा नाही.

जुन्या क्रमांकाचे इतर अंक असतील तर साल न छापलेल्या अंकाचं वयही काढता येतं. प्रकाशकाचा पत्ता बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. ‘बॉम्बे २६’ एवढंच असेल तर अंक बहुधा त्याआधीचा, ‘४०० ०२६’ असेल तर नक्की नंतरचा. इंग्रजी अंकावर बॉम्बेऐवजी मुंबई असेल तर १९९५ किंवा त्यापुढचा. मग अंकात छापलेली उपलब्ध पुस्तकांची यादी बघा. विसाव्या अंकाच्या यादीत शंभरावं पुस्तक दिसत असेल तर ते पुनर्मुद्रण, विक्रेत्याने ‘प्रथमावृत्ती’ म्हणून कितीही शपथा घेतल्या तरी.

खाडीच्या बाजूला घर आहे. पानं तपकिरी पडलीत, पिना गंजल्यात, कसर लागलीय. लॅमिनेशन करून घेऊ का?
– एक वाचक, घोडबंदर रोड

लॅमिनेशन अजिबात नको, ते परत सोडवता येत नाही. चिकटपट्टीही नको, तिचा गोंद काही वर्षांत पान पिवळं करतो.

वर्तमानपत्री कागदात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य असतं. उजेड आणि हवा लागून तो तपकिरी होतो. झालेला रंग परत फिरत नाही, पुढचं नुकसान तेवढं थांबवता येतं. अंक बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, ओल तिथूनच येते. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, त्यातून आम्ल सुटतं. जांभळी नाक्याकडे पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात ‘पीपी’ची (पॉलिप्रॉपिलीनची) पारदर्शक पिशवी मागा, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घाला. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण त्या ओलावा पिऊन तुडुंब होतात हे लक्षात ठेवून पावसाळ्यात वरचेवर तापवून कोरड्या करा. हे कंटाळवाणं काम आहे, आणि बहुतेक जण जुलैतच सोडून देतात.

कसरीसाठी डांबरगोळ्यांवर विसंबू नका, वास मात्र कायमचा राहील. अंक झिपच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पानांवर पाणी धरेल. गंजलेल्या पिना चिमट्याने मागून सरळ करून काढा, जागी पांढऱ्या सुती दोऱ्याचा टाका घाला. महाग अंक असेल तर मात्र हात लावू नका. गंजलेली मूळ पिन संग्राहकाला चालते, तुमचा टाका चालेलच असं नाही.

अंकावर वाचनालयाचा शिक्का असेल तर किंमत पडते का?
– एक वाचक, कळवा

थोडी पडते. मराठी अंकांच्या बाबतीत मी त्याला फार धरत नाही, कारण शिक्क्याशिवायचे अंक मिळतातच किती? फक्त वाचनालय अजून चालू असेल, तर विकत घेण्याआधी तिथे एकदा विचारून या.