उंची ५ फूट ४ इंच आहे, प्रोफेशनल बास्केटबॉल गार्ड होता येईल का?

येईल. अमेरिकेतल्या एनबीए लीगमधला गार्ड मगसी बोग्स ५ फूट ३ इंच होता, तू त्याच्याहून इंचभर उंचच आहेस. १९८७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तिथं, वॉशिंग्टननं त्याला बाराव्या नंबरवर घेतलं, पुढं एनबीएत १४ सीझन काढले त्यानं, त्यातले बहुतेक शार्लट हॉर्नेट्सकडं, अन् हॉर्नेट्सकडून सगळ्यात जास्त असिस्टचा, म्हणजे ज्या पासवर बास्केट पडते त्याचा, रेकॉर्ड अजून त्याच्याच नावावर आहे. उंचीचं तुणतुणं वाजवणाऱ्याला एवढं पुरायला पाहिजे, पण पुरत नाही.

आमच्या नांदेडच्या शाळेत सिलेक्शन म्हणजे सर पोरांना उंचीनं उभं करायचे अन् वरून बारा मोजून घ्यायचे. बॉल कुणाच्या हातात द्यायचा प्रश्नच नाही. मी कायम शेवटाकडं. "तू खो-खोत जा रे, तिथं बुटकी पोरं चालतात." भर उन्हात सिमेंटच्या कोर्टवर डाव्या हातानं ड्रिबल करू करू माझ्या बोटांची सालं निघालेली, ते कोण बघतंय. तरी विभागाला लातूरला मला नेलं, कामून तर बॅगा अन् पाण्याच्या बाटल्या सांभाळायला एक जण लागतो. तिथं समोरच्यांनी पहिल्या मिनिटापासून फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे कोर्टभर अंगावर येऊन अडवायला लागले. आमचे सगळे ताडमाड, बॉल आला की डोक्यावर धरून उभे, आठ सेकंदांत हाफ लाईन ओलांडायची असते अन् यांना पलीकडं जाताच येईना, शिट्टी, बॉल त्यांच्याकडं, लेअप म्हणजे जवळून सोपी बास्केट, परत तेच. मी बाटल्यांपाशी बसून ओरडायलो, "खाली ठेव बॉल, खाली ठेव!" तर सरांनी वळून मलाच गप केलं. परत येताना एसटीत काय म्हणले माहितीय? आपली पोरं उंचीत कमी पडली!

गेल्या वर्षी सर एका लग्नात भेटले, पंगतीत शेजारीच बसले, अन् परत तेच, "तुला उंची असती ना..." म्हणलं सर, आपल्या भारताचा सतनामसिंग ७ फूट २ इंच होता, २०१५ ला डॅलसनं ड्राफ्ट केला, अन् एनबीएच्या सीझनमधली एकपण मॅच त्याला खेळायला मिळाली नाही. सरांनी जिलेबी मागवली.

गार्डचं काम बॉल न गमावता पुढं न्यायचं, कोण मोकळा होणार ते आधीच हेरायचं अन् समोरच्याचा बॉल काढून घ्यायचा. बॉल शेवटी जमिनीवर आपटतच न्यावा लागतो, अन् तिथं खाली बुटक्याचंच राज्य. बोग्ससमोर उंच उंच गार्ड पाठ करून बॉल लपवत न्यायचे. १९९३ मध्ये ७ फुटी पॅट्रिक युइंगचा शॉटसुद्धा ब्लॉक केलाय त्यानं. एनबीएचाच गार्ड जॉन स्टॉकटन घे, ६ फूट १ इंच, म्हणजे त्या लीगमध्ये लहानच, अन् असिस्ट १५,८०६, आजवर कुणी मोडले नाहीत.

आता हेपण सांगायला पाहिजे की बोग्सएवढा बुटका एनबीएत त्याच्या आधीही नव्हता अन् नंतरही आला नाही. हल्ली तर बुटका गार्ड दिसला की स्क्रीन लावून, म्हणजे अंगानं वाट अडवून, मुद्दाम त्याला धिप्पाड प्लेअरसमोर आणतात अन् त्याच्या डोक्यावरून मारतात. त्यामुळं लांबून थ्री पॉइंटर पडत नसेल तर नुसत्या ड्रिबलवर भागणार नाही. अन् आपल्याकडं प्रोफेशनल म्हणजे खरं तर रेल्वे किंवा आर्मीच्या टीमची नोकरी, नाहीतर राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, त्याला सर्टिफिकेट लागतं, पडताळणी लागते, म्हणून डिग्री सोडू नको.

पण सिलेक्शनला कुणी उंचीनं उभं करायला लागलं तर गप उभा राहू नको. सरळ म्हण, सर, आमच्यावर पाच मिनिटं प्रेस लावा अन् बॉल कोण पलीकडं नेतंय ते बघा. नाही म्हणले तर दुसऱ्या क्लबात जा, त्यांच्या बाटल्या त्यांना सांभाळू दे.