मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना निसर्गोपचार सुरू करता येतो का? पहिल्या भेटीत काय होतं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: निसर्गोपचार म्हणजे नेमकं काय, पहिल्यांदा गेल्यावर काय करतात आणि टाइप २ मधुमेहाच्या चालू गोळ्यांचं काय करायचं. मी स्वतः निसर्गोपचाराचं काम करतो, तरी सुरुवात गोळ्यांपासूनच करतो, कारण धोका तिथे आहे. ज्या डॉक्टरांनी त्या दिल्या, त्यांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका, कमीही करू नका. ‘आधी गोळ्या सोडा, मग बघू’ असं कुणी पहिल्याच भेटीत म्हणालं, तर तिथे पुन्हा जाऊ नका.

आता मूळ प्रश्न. आज आपण ज्याला निसर्गोपचार म्हणतो, त्याचं बरंचसं रूप एकोणिसाव्या शतकात मध्य युरोपात घडलं. तेव्हाच्या ऑस्ट्रियातल्या ग्रेफेनबर्ग गावात व्हिन्सेंझ प्रिस्निट्झ थंड पाण्याने उपचार करत. पुढे जर्मनीच्या बव्हेरियातले धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप यांनी पाण्याच्या जोडीला आहार, वनस्पती, व्यायाम आणि नेमाची दिनचर्या आणली. बेनेडिक्ट लुस्ट हीच पद्धत अमेरिकेत घेऊन गेले आणि १९०१ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी तिचं शिक्षण सुरू केलं. शरीरात स्वतःला सावरण्याची ताकद असते, उपचारकाने तिच्या आड येणाऱ्या गोष्टी दूर कराव्यात, हा यामागचा विचार. माझा या विचारावर विश्वास आहे, पण त्याला मर्यादा आहेत. जखम भरते, साधा सर्दीताप आपोआप उतरतो. टाइप १ मधुमेहात नष्ट झालेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मात्र उपवासाने परत येत नाहीत आणि कर्करोगाची गाठ मातीच्या पट्टीने विरत नाही. बऱ्या होऊ शकणाऱ्या कर्करोगांवर फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट होता, असं अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली मांडलं. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने तो आकडा लक्षात ठेवायला हवा.

पहिली भेट बहुतेक बोलण्यातच जाते. तासभर सहज लागतो, कधी जास्तही. झोप किती, मध्ये जाग येते का, जेवणाच्या वेळा, पोट साफ होतं का, दिवसातला किती वेळ बसून जातो, घरात-कामावर ताण कसला, आधीचे आजार, घराण्यातले आजार, असं सगळं विचारलं जातं. काहींना हे खोदून विचारणं वाटतं, पण आमच्या हातातलं सगळ्यात चांगलं साधन हेच आहे. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच झोपणाऱ्या माणसाची सकाळची साखर का चढते, ते अशा गप्पांतून कळतं. त्यानंतर रक्तदाब, वजन, कंबरेचा घेर पाहतात आणि तुमचे रिपोर्ट वाचतात. अलीकडचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाची तपासणी) रिपोर्ट सोबत न्या. गोळ्यांची पाकिटंच न्या, नावं आठवून सांगू नका. काढे, चूर्णं, सप्लिमेंट चालू असतील तर तीही सांगा. डोळ्यांच्या बुबुळात बघून सगळे आजार सांगतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, त्याला आधार नाही.

पहिल्याच दिवशी मोठे उपचार सहसा होत नाहीत. आधी आहारात एक-दोन बदल, चालणं, झोपेची वेळ. पुढे गरजेनुसार कटिस्नान (कंबरेपर्यंत पाण्यात बसणं), पोटावर मातीपट्टी, बाष्पस्नान, मालीश, योगासनं, श्वसनाचे प्रकार. त्या-त्या वेळी बरं वाटतं, अंग हलकं होतं, झोप लागते. पण साखर उतरते ती मुख्यतः आहार, वजन आणि हालचालीने. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना सुरुवातीचे काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींवर ठेवलं होतं, आणि वर्षाअखेर त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. हा प्रयोग निसर्गोपचाराचा नव्हता. त्यात मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, इन्सुलिनवरचे रुग्ण घेतले नव्हते आणि औषधं डॉक्टरांच्याच देखरेखीखाली थांबवली होती. तरीही आहारात केवढी ताकद आहे, हे त्यातून दिसतं.

नेमकं म्हणूनच उपवासाच्या बाबतीत मी कडक आहे. नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर साखर एकदम घसरण्याचा धोका कमी असतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण सोडलं, तर घाम, थरथर, भोवळ आणि पुढे बेशुद्धीपर्यंत वेळ येऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचं आणखी वेगळं: उपवासात साखर फारशी वाढलेली न दिसताही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साचून माणूस गंभीर होऊ शकतो. उपवासात उलट्या, अशक्तपणा, धाप सुरू झाली की काही उपचारक ‘हे विष बाहेर पडतंय’ म्हणून धीर देतात. मधुमेही माणसाने हे वाक्य कधीही मानू नये. आधी साखर तपासा, आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असतील तर साखर ठीक दिसली तरी थेट दवाखाना गाठा. मूत्रपिंड कमजोर असेल, तर दिवसभर फळांच्या-भाज्यांच्या रसावर राहणंही धोक्याचं, कारण पोटॅशियम वाढतं.

उपचारकाला त्याचं शिक्षण नक्की विचारा. काही देशांत नियमाने चालणारे पूर्णवेळ अभ्यासक्रम आहेत, भारतात बी.एन.वाय.एस. या निसर्गोपचार आणि योगाच्या पदवीसाठी साडेचार वर्षं शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप असते. काही ठिकाणी मात्र थोड्या आठवड्यांचा कोर्स करूनही पाटी लागते. चांगला उपचारक या प्रश्नाने चिडत नाही, आणि तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला कचरत नाही.

आणि पायांना मुंग्या येत असतील किंवा तळवे बधिर वाटत असतील, तर गरम पाण्याचं पादस्नान घेण्याआधी ते सांगा. बधिर पायाला चटका कळत नाही, आणि मधुमेहात ती भाजलेली जखम महिनोन्‌महिने चिघळते. पाणी दुसऱ्या कुणाला तरी हाताने पाहायला सांगा, किंवा तो उपचार सरळ नाकारा.