दोन वर्षांसाठी बर्मिंगहॅमला चाललो आहे. नव्वदच्या दशकातली माझदा एमएक्स-५ (दोन सीटची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार) घेताना काय तपासावं, आणि परतताना ती पुण्याला आणता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही आणता येणार. ३ वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात आयात करता येत नाही, आणि विंटेज म्हणून नोंदवायची तर ती ५० वर्षं जुनी लागते. नव्वदची एमएक्स-५ यातल्या कशातच बसत नाही. माझदाने आपल्याकडे कार विकल्याच नाहीत. पुण्यात हे नाव दिसायचं ते स्वराज माझदाच्या टेम्पोवर आणि मिनीबसवर. त्यामुळे उद्या कोणी एमएच-१२ पासिंगची एमएक्स-५ दाखवली, तर आयातीचे मूळ कागद आणि आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. तुमची गाडी तिकडेच घ्या आणि निघताना तिकडेच विका.

घ्यावी मात्र जरूर. १९८९ ते १९९७ मधली पहिली पिढी, म्हणजे वर उघडणाऱ्या हेडलाइटची, वजनाने एक टनाच्या आत, मागच्या चाकांवर चालणारी, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे चाक वर-खाली दोन आडव्या दांड्यांनी धरलेलं. सुरुवातीचं १.६ लिटरचं इंजिन ११५ हॉर्सपॉवरचं, १९९३ पासूनचं १.८ साधारण १३० चं. एक सांभाळा: १९९५ नंतर ब्रिटनमध्ये विकलेल्या १.६ ची ताकद ९० वर आणली होती, त्यामुळे उशिराची १.६ दिसली तर हे विचारून घ्या.

आपल्याकडे जुनी गाडी बघायला गेलं की पहिलं बॉनेट उघडतात. इथे उलटं करा. या गाडीचं इंजिन दणकट आहे, सुटे भागही तिकडे सहज मिळतात. गाडी संपते ती पत्र्याने. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, पण इथला मुख्य गंज आतून येतो. हूडवरून, म्हणजे कापडी छतावरून, ओघळलेलं पाणी सीटच्या मागे एका पन्हळीत जमतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकाच्या पुढे खाली पडतं. नळी पानांनी-मातीने तुंबली की ते पाणी दाराखालच्या सिलमध्ये साठतं आणि पत्रा आतून कुजतो. वरून रंग चकाचक असतो, पण बोट दाबलं की आत जातं.

म्हणून जाताना चुंबक, टॉर्च आणि पाण्याची बाटली न्या. चुंबक पातळ कापडात गुंडाळून सिलच्या मागच्या टोकावर, म्हणजे चाकाच्या कमानीच्या पुढच्या वीतभर भागावर फिरवा. जिथे पकडत नाही तिथे पुट्टी आहे. मग हूड अर्धवट उचलून, मालकाला विचारून, सीटबेल्टच्या खांबाच्या मागच्या भोकात हळूहळू पाणी ओता. ते लगेच खाली जमिनीवर पडायला हवं. पडत नसेल तर ते कुठे जातंय हे आता तुम्हाला माहीत आहे. नेमक्या त्याच जागी ताजा काळा अंडरकोट मारलेला दिसला, तर वेल्डिंगचे फोटो आणि बिल मागा. दोन्ही बाजूंच्या सिल नव्याने करण्याचा खर्च मामुली नसतो, आणि सडक्या पत्र्यावर नुसती पट्टी ठोकून दिलेलं काम फार दिवस टिकत नाही.

हे अर्धं काम घरबसल्याही होतं. तिकडे गाडी रस्त्यावर चालवायला लायक आहे का याची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते आणि सरकारी वेबसाइटवर नंबर टाकला की जुने निकाल फुकट दिसतात. एका वर्षी सिल गंजल्याचा शेरा आणि पुढच्या वर्षी तो गायब, असं असेल तर मधल्या काळात काय केलं ते विचारा. गाडी किती धावली तो आकडाही तिथे वर्षवार दिसतो. युनोस रोडस्टर नावाच्या गाड्या म्हणजे हीच गाडी, पण मूळ जपानमधून आलेली. त्यांचा मीटर मुळात किलोमीटरचा, त्यामुळे कागदावरचे आकडे मैलांचे की किलोमीटरचे हे ताडून पाहा. त्या जपानमध्ये मिठापासून वाचल्या, पण ब्रिटनमध्ये पंचवीस-तीस वर्षं काढली असतील तर तो फायदा संपला.

मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावा, गार हवं. चालू केल्यावर टिकटिक आवाज आला तर घाबरू नका. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या हायड्रॉलिक लिफ्टरमध्ये ऑइल भरेपर्यंत तो येतो. गरम झाल्यावरही राहिला तर बहुतेक वेळा ऑइल जुनं झालेलं असतं. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळी हवी. ती तपकिरी पडली असेल तर चिरण्याच्या बेतात आहे, तिचे पैसे किमतीतून कापा. इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी ऑइल दिसलं की विकणारा आणि घेणारा दोघंही क्रँकच्या मागच्या मेन सीलचा धसका घेतात, कारण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पण इंजिनाच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या, मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर असतो, त्याची ओ-रिंग कडक होऊन गळते आणि तेच ऑइल खाली ओघळतं. वर बोट फिरवा. तिथे ओलं असेल तर काम एका रबरी रिंगचं आहे.

एक दोष मात्र गंभीर. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ मध्ये क्रँकचं, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचं, पुढचं टोक आखूड आहे. टायमिंग बेल्ट बदलताना तिथला बोल्ट नीट कसला नाही तर पुली क्रँकवर जागच्या जागी धरणारा लोखंडी तुकडा (की) सैल होतो, खाच झिजते, टायमिंग सरकतं आणि शेवटी क्रँक जातो. टॉर्च मारून खालची पुली बघा: ४ खाचा असतील तर आखूड टोक, ८ असतील तर सुधारलेलं. चालू इंजिनात ती पुली डुगडुगत असेल तर ती गाडी सोडा. बेल्ट ६०,००० मैलांना बदलायचा असतो. तुटला तर गाडी बंद पडते, पण या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत.

चालवताना दुसरा गिअर थंड असताना किंचित अडला तर चालतं, गरम झाल्यावरही खरखरला तर नाही. क्लचचं पेडल खाली खाली जात असेल तर क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळतोय. तो स्वस्तात बदलता येतो. हँडब्रेक ढिला असेल तर मागच्या ब्रेकचे कॅलिपर जाम झालेत का पाहा. डिकीत उजव्या कोपऱ्यात बॅटरी असते. तिला बाहेर वायू सोडणारी नळी हवी. कोणी साधी ॲसिडची बॅटरी बसवली असेल तर खालचा पत्रा खाल्लेला सापडेल. हूडची मागची प्लास्टिकची काच चेनची आहे. खाली करण्याआधी चेन उघडावी, नाहीतर घडीवर तडा जातो.

पैसे देण्याआधी विम्याचा कोट काढा. भारतीय लायसन्सवर तिकडे रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच चालवता येतं, मग तिथली परीक्षा द्यावी लागते, आणि आपल्या लायसन्सवर विमा महाग पडतो. दुसरं म्हणजे बर्मिंगहॅमच्या मध्यभागी क्लीन एअर झोन आहे, तिथे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना शुल्क पडतं. पेट्रोल गाडी युरो ४ या प्रदूषण मानकाची नसेल तर दिवसाला ८ पाउंड, आणि ही गाडी युरो ४ नाही. लंडनला गेलात तर तिथल्या अशाच झोनचे दिवसाला साडेबारा. ऑफिस त्या झोनमध्ये असेल तर रोजच्या वापराला दुसरं काहीतरी पाहा. व्ही५सी, म्हणजे तिकडचं गाडीच्या नोंदणीचं पुस्तक, हे मालकीचं कागदपत्र नव्हे, म्हणून विकणाऱ्याची सहीची पावती वेगळी घ्या. आधीच्या मालकाचा रोड टॅक्स तुम्हाला लागू होत नाही. तो भरूनच गाडी हलवा.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळी तेलं बदला. इंजिनला साडेतीन ते चार लिटर, गिअरबॉक्सला २ लिटर ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल, शक्यतो जीएल-४ दर्जाचं. ब्रेक आणि क्लचचं फ्लुइड, कूलंट, आणि प्लगच्या वायरीही, कारण त्या खराब झाल्या की गाडी चढावर झटके खाते आणि लोक उगाच इंजेक्टर खोलत बसतात. टायर १८५/६० आर१४ असतील तर हवा २६ पीएसआय. आपल्या पेट्रोल पंपावरच्या सवयीने ३२ भरलीत तर गाडी हलकी असल्यामुळे उडत चालेल आणि सस्पेन्शन कडक आहे असं उगाच वाटेल.