एका वेळी एकच

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा जीव कळवळला, दुसऱ्यांदा चिडलो. तुझा मॅसी फर्ग्युसन 35 ट्रॅक्टर दहा मिनिटं चालून बंद पडायचा आणि थोडं थांबलं की परत सुरू व्हायचा. इथवर ठीक. मग तू एका दिवसात फिल्टर बदललेस, टाकीतून डिझेल ओढणारा लिफ्ट पंप बदललास, डिझेल फवारणारे इंजेक्टर उतरवून दुसरे बसवलेस आणि हातासरशी टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट केलेस. आता तो सुरूच होत नाही आणि मला विचारतेस, नेमकं चुकलं कुठं? चार ठिकाणी हात घातल्यावर ते कोण सांगणार?

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सुरू करून बघायचं. मग दुसरी.

तुझं ते दहा मिनिटांचं दुखणं ऐकून मी आधी टाकीच्या झाकणाकडे गेलो असतो. झाकणाचं बारीक भोक मातीने बुजलं, की डिझेल उतरेल तशी आत हवा शिरायला वाट राहत नाही आणि डिझेल यायचं थांबतं. इंजिन गचके देऊन बंद पडलं की लगेच झाकण सैल करायचं. 'स्स' आवाज आला तर रोग सापडला, औषध म्हणजे एक बारीक तार. आवाज नाही आला तर टाकीच्या तळचा गाळ बघायचा. यात पाना कुठं लागला?

माझा फर्ग्युसन टीई 20 होता, पेट्रोलवरचा. मिसिंग करायला, म्हणजे मध्येच ठोका चुकवायला लागला म्हणून मी एका संध्याकाळी प्लग, पॉइंट, कंडेन्सर, ठिणगीचं सगळं सामान नवं घातलं आणि जुनं फेकून दिलं. मिसिंग वाढलं. नवं घातलंय म्हणजे ते चांगलंच, या समजुतीवर मी कार्बोरेटर खोलला, हेड उतरवलं, दोन स्टड मोडले. दोन वर्षं गेली. शेवटी कंटाळून विकला. घेणाऱ्याने कंडेन्सर बदलला आणि चालवत घेऊन गेला.

तेव्हापासून मी वही ठेवतो. आज काय बदललं, नंतर आवाज कसा आला. लोक म्हणतात, हा माणूस एका नटाला आठवडा लावतो. लावतो! माझं मशीन चालू आहे, त्यांची शेडमध्ये सुटी पडलीत.

असो. आता आधी फक्त एअर काढ, म्हणजे खोलताना डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल कर आणि लिफ्ट पंपाची दांडी हाताने मार. दांडी ढिली लागली तर पंपाला ढकलणारा इंजिनातला कॅम वर आलाय, इंजिन थोडं फिरव. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. तेव्हाच आवळायचं, आधी नाही. नंतर इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपावरचे स्क्रू, शेवटी इंजेक्टरच्या नळ्यांचे नट. तुझं तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन आहे, 1959च्या अखेरीपासून आलं ते. बिचारं लवकर माफ करतं. सुरू करायला मारतात तो इथरचा फवारा मात्र मारू नकोस.

तरीही नाही उठला तर एक इंजेक्टर काढ. एकच! टॉर्च लावून बघ, जुना तांब्याचा वॉशर भोकात चिकटून राहिलाय का. त्यावर दुसरा बसला असेल तर इंजेक्टर वर राहिलाय.

आणि जुने इंजेक्टर फेकलेस का? ते आधी कळव.

तुझा काका