शिकवता शिकवता कविता सुटते का?

प्रश्न : बी.ए.च्या वर्गाला अमेरिकन कवी थिओडोर रेट्कीची ‘एलिजी फॉर जेन’ ही शोककविता शिकवते आहे. हा कवी आयुष्यभर मास्तरकी करत होता म्हणे. वर्ग, पेपर, मीटिंगा यांत त्याची कविता टिकली कशी? माझी तर नोकरीला लागल्यावर सुटलीच.
– एक प्राध्यापिका, लातूर

उत्तर : बाई, कविता टिकली, पण सुखासुखी नाही. रेट्की १९०८ साली मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉ गावी जन्मला. घरचा फुलांचा धंदा. वडील आणि काका मिळून काचेची मोठमोठी हरितगृहं चालवत. १९२३ साली काकांनी आत्महत्या केली आणि वडील कर्करोगाने गेले. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. ती काचघरं त्याच्या कवितेत उतरली ती थेट १९४८ च्या ‘द लॉस्ट सन’ या संग्रहात. ‘बिग विंड’ वाचा : रात्रभर वादळ, फुटक्या काचांत गोणपाट कोंबणारी माणसं, आणि पहाटेपर्यंत तगून राहिलेलं गुलाबांनी भरलेलं काचघर. तुमच्या जेनच्या मानेवरच्या बटासुद्धा वेलीच्या ओलसर तणाव्यांसारख्या आहेत. घोड्यावरून पडून मरण पावलेल्या या विद्यार्थिनीकडे कवी माळ्याच्या डोळ्यांनी पाहतो. वर्गात इथे जरा थांबा, घाई करू नका.

नोकऱ्या त्याने बऱ्याच केल्या. पेन स्टेट विद्यापीठात तर टेनिसही शिकवलं. १९४७ पासून १९६३ साली मरेपर्यंत सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होता. मधूनमधून मानसिक आजार उसळायचा, इस्पितळात राहावं लागायचं. अशा वेळी विभागप्रमुख रॉबर्ट हाइलमन प्रशासनापुढे त्याची बाजू घेऊन ठाम उभे राहिले. पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला तो याच काळात, १९५४ साली, ‘द वेकिंग’ या संग्रहासाठी. असा विभागप्रमुख लाभणं हे भाग्यच, हे मी तीस-एक वर्षांच्या मास्तरकीनंतर मनापासून सांगतो.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच्या वर्गात आहे. त्याचा विद्यार्थी रिचर्ड ह्यूगो, जो पुढे स्वतः नावाजलेला कवी झाला, त्याने रेट्कीच्या अंतिम परीक्षेची तऱ्हा लिहून ठेवली आहे. नामं, क्रियापदं, विशेषणं यांच्या याद्या द्यायच्या. प्रत्येकीतले पाच शब्द वापरायचे. ओळीत आघात किती, कडव्यात ओळी किती, यमक कुठे, वाक्य ओळीअखेर किती वेळा थांबू द्यायचं, सगळं ठरलेलं. वाक्यं व्याकरणशुद्ध हवीत, पण कविता अर्थहीन असली पाहिजे! मन नियम सांभाळण्यात गुंतलं की आत दडलेलं काहीतरी नकळत बाहेर निसटतं, हे ह्यूगोला त्यातून उमगलं. जेम्स राइट आणि कॅरोलिन काइझर हेही त्याचेच विद्यार्थी; दोघांनाही पुढे पुलित्झर मिळालं. तो वर्गात विचारांपेक्षा कानावर मेहनत घेत असे, ओळ मोठ्याने म्हणून दाखवत असे. घरी टेबलावर तो करायचा तेही हेच काम होतं. वर्ग आणि कविता यांत त्याने भिंत घातली नाही, म्हणून तो रोज कवितेतच राहिला.

तेव्हा पुढच्या तासाला फळ्यावर दहा नामं लिहा : ढेकूळ, उंबरा, चिमणी, पाटा, काहीही. क्रियापदं आणि विशेषणं मुलांकडून मागवा. सहा ओळींची तीन कडवी, वीस मिनिटं. आणि मुलं लिहीत असताना हजेरीपट भरत बसू नका. त्याच याद्या घेऊन तुम्हीही लिहा.