पीएच.डी. चालू असताना सरकारी धोरण-फेलोशिप घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: राहायला ऐरोली, ठाणे खाडीच्या गाळातल्या जड धातूंवर पीएच.डी., चौथं वर्ष, वय २८. प्रयोगशाळेचा कंटाळा आलाय, सरकारात बसून विज्ञान धोरणापर्यंत पोचवायचंय, तर सहा महिने किंवा वर्षभराची फेलोशिप मध्येच घ्यावी का? वर दोघांनी 'घेऊन टाका, बायोडेटाला बरं' असं लिहिलंय. मला ते पटत नाही. मी ठाण्याचा. पीएच.डी. झाल्यावर राज्य शासनाच्या एका विभागात अकरा महिन्यांच्या करारावर काम केलं, त्यावरून सांगतो.

पहिली अडचण वयाची. मुख्यमंत्री फेलोशिपला वय २१ ते २६ लागतं. खासदारांसोबत काम करायची लॅम्प फेलोशिप पंचविशीच्या आतल्यांसाठी. दोन्ही दारं तुम्हाला बंद. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची पॉलिसी फेलोशिप आहे, पण ती मुख्यतः पीएच.डी. झालेल्यांसाठी, आणि बसायचं आयआयएससी किंवा आयआयटी दिल्लीसारख्या ठिकाणच्या धोरण संशोधन केंद्रात. काम चांगलं असतं, पण तिथे तुमच्या टेबलावर नस्ती, म्हणजे सरकारी फाइल, येत नाही. उरते नीती आयोगाची इंटर्नशिप. ती संशोधक विद्यार्थ्यांना खुली आहे, पण बिनपगारी. दिल्लीतलं खोलीभाडं तुमचं तुम्ही बघायचं.

तुम्ही अमेरिकेतल्या ट्रिपल-ए-एस या विज्ञानसंस्थेच्या धोरण-फेलोशिपचं उदाहरण दिलंत. ती फेलोशिप १९७३ पासून आहे, पण डॉक्टरेट झालेल्यांसाठी आणि अमेरिकी नागरिकांसाठी. तुम्हाला हवी तशी सोय ब्रिटनमध्ये आहे. तिथल्या संसदेचं पोस्ट नावाचं कार्यालय पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना तीन महिने घेतं, एखाद्या विषयावर खासदारांसाठी चार पानी टिपण लिहून घेतं, आणि तिथली संशोधन परिषद पीएच.डी.ची मुदत त्याच तीन महिन्यांनी मानधनासकट वाढवते. सगळी गंमत त्या मुदतवाढीत आहे. आपल्याकडे घड्याळ थांबत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत प्रवेशापासून सहा वर्षं, पुढे पुनर्नोंदणी करून फार तर दोन. तुम्ही सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेचे एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलो) असाल तर महिन्याला ४२ हजार मिळत असतील, आणि ते चालू ठेवून दुसरीकडचं मानधन घेता येत नाही. चौथ्या वर्षी सहा महिने बाहेर गेलात तर प्रबंधाचे सहा नाही, दहा महिने जातात. परत आल्यावर आपलीच वही परक्याची वाटते.

आता तिथे काम काय असतं ते सांगतो, कारण बाहेरून ते वेगळंच दिसतं. ठाण्याहून फास्ट लोकल, सीएसएमटीला शेअर टॅक्सी, पावणेदहाला मंत्रालय. पहिल्या महिन्यात माझ्याकडे प्रदूषणाचा एक विषय आला. मी आठ पानं लिहिली, ३१ संदर्भ दिले. पहिलं वाक्य होतं, 'अवसादातील जड धातूंच्या सांद्रणात वाढ आढळून येते.' कक्ष अधिकारी बाईंनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "सर, गाळात शिसं आहे ना? मग तसं लिहा की." मग त्यांनी पेन्सिलीने समासात तीन प्रश्न लिहिले: कोणत्या कायद्याखाली? कोणत्या लेखाशीर्षातून (म्हणजे पैसा अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून)? करायचं कोणी? माझ्या आठ पानांत यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. टिपणी शेवटी सव्वा पानाची झाली. त्यातलं विज्ञान म्हणाल तर चार ओळी.

नंतर ती टिपणी अवर सचिव, उपसचिव अशी वर गेली आणि वित्त विभागाच्या एका शेऱ्यावर सात महिने अडकली. माझा करार संपला तेव्हाही ती तिथेच होती. शेवटच्या दोन महिन्यांचं मानधनसुद्धा बरंच उशिरा मिळालं. तरी वर्ष वाया गेलं असं मी म्हणणार नाही, कारण त्या बाईंच्या पेन्सिलीने मला जे शिकवलं ते कुठल्या कार्यशाळेत मिळालं नसतं. एवढंच की तेव्हा माझ्या हातात पदवी होती. शिक्का बसलेला 'डॉ.' नावामागे असला की बैठकीत बोलू देतात. नसला तर मिनिट्स लिहायला देतात. कडू आहे, पण असंच आहे.

म्हणून माझं मत: आत्ता जाऊ नका, पण हे काम आपल्याला मानवतं का ते ऐरोलीत बसून तपासा. पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली केंद्राची मसुदा अधिसूचना निघाली की साधारणपणे ६० दिवस हरकती-सूचना मागवतात. केंद्राच्या इतर मसुद्यांनाही, २०१४ च्या धोरणाप्रमाणे, निदान ३० दिवस द्यायचे असतात. खाडी, पाणथळ जागा, सांडपाणी, यातला तुमच्या विषयाजवळचा एक मसुदा उचला आणि त्यावर एक पान हरकत पाठवा. मराठीतही एक प्रत करा, कारण आपल्या राज्यात नस्ती मराठीतच चालते. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, अभयारण्य त्याआधी २०१५ ला झालं. त्यामुळे 'कोणत्या कायद्याखाली' याचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर सापडेल. 'करायचं कोणी' हे अवघड जाईल: महापालिका, एमआयडीसी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, वन विभागाचा कांदळवन कक्ष, सगळे एकमेकांकडे बोट दाखवतील. ते कोडं सोडवताना मजा आली तर हे काम तुमचं. चिडचिड झाली तर सहा महिने वाचले.

मार्गदर्शकांना मात्र आधी सांगा. मी अर्ज केल्याचं माझ्या सरांना तिसऱ्याच माणसाकडून कळलं होतं, आणि शिफारसपत्र मिळवताना त्याची पुरेपूर वसुली झाली.

ते एक पान लिहून झालं की इथे टाका. पेन्सिल माझ्याकडेही आहे आता.