गोल्फचा सेट स्वस्तात मिळेल भाऊ, पण ती 'डबल एफडी' एफडी नाहीये

जळगावच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३८, एमआयडीसीतल्या एका कंपनीत सेल्सला आहेत, नुकतंच प्रमोशन झालंय आणि आता महिन्यातून दोनदा पुण्याच्या ऑफिसला जावं लागतं. तिथले वरचे साहेब लोक शनिवारी सकाळी गोल्फ खेळतात. यांनाही दोनदा ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे बॉल मारायच्या सरावाच्या मैदानावर नेलं, भाड्याच्या क्लबने (गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात) बॉल मारले आणि मनापासून आवडलं. आता स्वतःचा सेट घ्यायचाय. दुकानात मोठ्या ब्रँडच्या पूर्ण सेटचे ९२,००० सांगितले, क्रेडिट कार्डावर २४ महिन्यांचे हप्ते करून. प्रश्न एवढाच विचारलाय की चांगला सेट स्वस्तात कुठं मिळेल आणि ९२,००० जास्त आहेत का.

पण पत्राच्या शेवटी असं लिहिलंय: "पैशाचं तसं टेन्शन नाही. गेल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आप्पांनी रिटायरमेंटच्या पैशातले ३ लाख नातवाच्या शिक्षणाला म्हणून दिले, ते बँकेतल्या मॅडमनी पाच वर्षांत डबल होणाऱ्या एफडीत टाकून दिले. ६ लाख येणारच आहेत. फक्त आता मोबाईलवर मेसेज येतोय की पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला ३ लाखांचा हप्ता आहे, तो चुकून येतोय का?"

नाही भाऊ, चुकून येत नाहीये. पण आधी तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर देतो, कारण ते सोपं आहे.

९२,००० चा सेट घेऊ नका. गोल्फच्या नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात आणि दुकानदार तुम्हाला ते १४ पुरे करूनच द्यायला बघतो, नवशिक्याला त्यातले निम्मेही लागत नाहीत. लांबच्या फटक्याला एक हायब्रिड, मधल्या अंतराला ७ नंबरचं आणि ९ नंबरचं आयर्न, वाळूतून बॉल काढायला एक सँड वेज, भोकात बॉल ढकलायला एक पटर, बस. ड्रायव्हर नावाचा सगळ्यात लांब मारायचा क्लब पहिले सहा महिने नकोच, सगळ्यात लांब दांडा त्याचाच असतो आणि नवीन माणसाचा बॉल त्याने कुठंही जातो. डेकॅथलॉनचा इनेसिस नावाचा स्वतःचा गोल्फचा ब्रँड आहे, नवशिक्यांसाठीचा साधा सेट त्यात वीस-पंचवीस हजारांच्या आत बसतो, पुण्याला जाताच आहात तर तिथल्या दुकानात हातात धरून बघा.

त्याहून स्वस्त म्हणजे वापरलेला. गोल्फवाले लोक दर दोन-तीन वर्षांनी नवीन मॉडेल घेतात आणि जुनं घरात पडून राहतं, त्यामुळे कोच, कॅडी (खेळणाऱ्याची बॅग उचलणारी पोरं), गोल्फ मैदानावरचं सामानाचं दुकान यांच्याकडे शब्द टाकून ठेवा, आठ-दहा-पंधरा हजारांत काम होतं. घेताना आयर्नच्या फेसवरच्या खाचा पूर्ण घासल्यात का, दांड्याला पोचा किंवा आतून गंज आहे का, डोकं आणि दांडा जिथं जुळतो तिथं तडा आहे का हे उन्हात धरून बघा. दांडा किती लवतो त्याप्रमाणे त्यावर रेग्युलर की स्टिफ ते लिहिलेलं असतं, तुम्हाला रेग्युलर पाहिजे, आणि सगळ्या क्लबांना शक्यतो एकच पाहिजे. ग्रिप कडक झाली असेल तर घाबरू नका, ती काही शे रुपयांत बदलून मिळते, उलट त्यावरून भाव पाडून मागा. एवढं लक्षात ठेवा की मोठ्या ब्रँडचा नवाकोरा पूर्ण सेट ऑनलाइन कुणी वीस-पंचवीस हजारांत देत असेल तर तो डुप्लिकेट धरूनच चाला. बॉल वापरलेलेच घ्या, तुम्ही ते झाडीत आणि पाण्यात घालवणारच आहात. ग्लोव्ह मात्र नवीन घ्या, उजव्या हाताने खेळत असाल तर तो डाव्या हातात घालतात, एकच लागतो.

आणि खरं सांगू का, सध्या सेटच घेऊ नका. जळगावात बॉल मारायला रेंज नाही हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे सेट घरात पलंगाखाली राहणार आणि महिन्यातून दोन शनिवार चारशे किलोमीटर गाडीतून फिरणार. रेंजवर क्लब भाड्याने मिळतातच. पहिले सहा महिने भाड्याचे क्लब आणि कोचचे चार-पाच लेसन, आणि फारच हाताला खाज सुटली तर एक वापरलेलं ७ नंबरचं आयर्न, ते घरी नुसतं फिरवायला पण चालतं. ९२,००० चा हप्ता साधारण साडेचार हजार बसतो, दोन वर्षांत एक लाख सात-आठ हजार जातात, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा.

आता त्या ३ लाखांचं.

तुम्ही सोबत कागदाचे फोटो पाठवलेत ते बरं केलं. ही एफडी नाही, ही आयुर्विमा कंपनीची पॉलिसी आहे, बँकेने फक्त विकली. दरवर्षी ३ लाख, असे पाच वर्षं भरायचे, म्हणजे १५ लाख, आणि दहा वर्षं संपल्यावर साधारण २२ लाख मिळणार. पाच वर्षांत डबल कुठंच लिहिलेलं नाही. तुमच्या पासबुकात त्या दिवशी ३,१३,५०० गेलेत बघा, वरचे १३,५०० म्हणजे तेव्हा पहिल्या वर्षाच्या प्रीमियमवर लागणारा साडेचार टक्के जीएसटी. एफडी करताना कधी कुणी जीएसटी कापलाय का तुमचा? एफडीच्या फॉर्मवर तंबाखू खाता का, शुगर आहे का असं कधी विचारलंय का? आणि तो व्हेरिफिकेशनचा फोन, ज्याला "सगळ्याला हो म्हणा, फॉर्मॅलिटी आहे" असं तुम्हाला सांगितलं होतं, त्या फोनवर नेमकं हेच विचारतात की दरवर्षी प्रीमियम भरायचा हे तुम्हाला माहीत आहे ना. मला याचा फार राग येतो. एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाचे पैसे, समोर बसलेल्याला एफडी पाहिजे हे दिसतंय, आणि टेबलावरून सरकवलं जातं हे.

पाच वर्षांत डबल म्हणजे वर्षाला किती, ते तोंडी काढता येतं. ७२ ला वर्षांनी भागा, ७२ भागिले ५, चौदा टक्क्यांच्या वर जातं. खात्रीचे चौदा टक्के आज कुठलीच बँक देत नाही. सरकार स्वतः ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के देतंय. आप्पा ६६ वर्षांचे आहेत, त्यांचे हे ३ लाख तिथं असते तर दर तीन महिन्यांनी सहा हजारांच्या वर व्याज खात्यात पडलं असतं आणि मुद्दल पाच वर्षांनी जसंच्या तसं परत. या पॉलिसीत १५ चे २२ दिसायला बरे दिसतात, पण पैसे किती वर्षं अडकतात ते धरलं तर वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास सुटतात.

तुम्ही लिहिलंय की अमळनेरच्या लोकांनी विप्रोचे शेअर धरून ठेवले तसं आपणही लाँग टर्म धरून ठेवू. आपल्याकडं प्रत्येक जण हेच उदाहरण देतो आणि मला त्याची काळजी वाटते. १९४५ मध्ये अमळनेरला तेलाची गिरणी म्हणून सुरू झालेल्या कंपनीत ते लोक मालक होते, वाटा घेऊन बसले होते, कंपनी वाढली तसा वाटा वाढला, आणि ज्यांनी मधेच विकले त्यांची नावं कुणी सांगत नाही. तुमच्या पॉलिसीत कितीही दम धरा, दहाव्या वर्षी काय मिळणार तो आकडा आजच छापून दिलेला आहे, त्याच्या पुढं तो जाणार नाही.

आता तुमचा महिना बघू. हातात ६८,०००. घराचा हप्ता १९,५००, गाडीचा ९,०००, घरखर्च आणि दोन पोरांच्या फिया मिळून २७,०००, गावी आई-आप्पांना ४,०००. राहतात साडेआठ हजार. आणि ही पॉलिसी वर्षाला ३ लाख मागते, म्हणजे महिन्याला पंचवीस हजार. ते येणार कुठून? खात्यात ७०,००० आहेत, १४ तारखेला ऑटो-डेबिट लागलं तर ते बाऊन्स होईल आणि वरून दंड बसेल. बँकेत गेलात की तेच लोक पर्सनल लोन काढून देऊ म्हणतील, किंवा ही बंद करून दुसरी चांगली पॉलिसी देतो म्हणतील. दोन्हीला नाही म्हणायचं, खुर्चीतून उठून या.

करायचं काय ते सांगतो. १४ तारखेनंतर वर्षाच्या हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस पिरियड असतो, तोवर विमा चालू राहतो, म्हणजे तुमच्याकडं पुरेसा वेळ आहे, घाबरून पैसे भरू नका. ऑटो-डेबिटचा मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची तुम्ही दिलेली परवानगी, या आठवड्यातच बंद करा. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, फ्री लूक म्हणतात त्याला, पण ते दिवस केव्हाच गेले, पाकीट आप्पांच्या कपाटात न फोडता राहिलं. तरी तुमच्याकडं एक मोठी गोष्ट आहे. त्या मॅडमचा "५ इयर डबल" असा व्हॉट्सॲप मेसेज अजून मोबाईलमध्ये आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याचा स्क्रीनशॉट काढा, दोन ठिकाणी सेव्ह करा, आणि विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि बँकेच्या शाखेला लेखी द्या की एफडी सांगून पॉलिसी विकली, एकच हप्ता सांगितला होता, माझं उत्पन्न बघता वर्षाला ३ लाख भरणं शक्यच नाही, पूर्ण पैसे परत करा. ई-मेलने द्या, तोंडी भांडत बसू नका. इर्डा म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तीच तक्रार टाका. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याला विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालाचं ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही. पैसे परत मिळतीलच असं मी छातीठोक सांगणार नाही, पण लेखी पुरावा असलेली माणसं फार कमी असतात आणि तुम्ही त्यातले आहात.

तक्रार चालू असतानाच कंपनीकडून दोन आकडे लेखी मागून घ्या: आज सरेंडर केली तर किती आणि पेड-अप केली तर दहाव्या वर्षी किती. सरेंडर म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच मोडायची, पेड-अप म्हणजे पुढं भरायचं नाही, पॉलिसी छोटी होऊन तशीच चालू राहते. ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलला आहे, एका वर्षाचा पूर्ण प्रीमियम भरून वर्ष संपलं की सरेंडरचे काहीतरी पैसे द्यावेच लागतात, पूर्वी एका हप्त्यानंतर सगळं बुडायचं. समजा १,८०,००० परत देतो म्हणाले. तर सव्वा लाखाच्या वर नुकसान झालं, ते झालंच. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, तिथून पुढं पॉलिसी चालू ठेवली तर न घेतलेले ते १,८०,००० आणि पुढचे चार हप्ते मिळून सव्वासहा टक्क्यांच्या आसपास सुटतात, कारण पहिल्या वर्षाचा मार तुम्ही खाऊन बसलात. पीपीएफचे ७.१ आहेत, म्हणजे फरक फार मोठा नाही. ज्याच्याकडं वर्षाला ३ लाख खरोखर शिल्लक पडतात त्याला मी कदाचित भरून टाका म्हणालो असतो. तुमच्याकडं पडत नाहीत, म्हणून बंद करा म्हणतोय. लोन काढून तेरा-चौदा टक्क्यांनी पैसे आणायचे आणि सहा टक्क्यांच्या ठिकाणी भरायचे हे कुठल्याच हिशोबात बसत नाही.

पण बंद करायच्या आधी एक काम. या पॉलिसीत ३० लाखांचा विमा आहे आणि तुमचा दुसरा कुठलाच विमा नाही, ११ आणि ६ वर्षांची पोरं आहेत, डोक्यावर घराचं कर्ज आहे. एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे पैसे परत न देणारा नुसता जिवाचा विमा काढा, तुमच्या वयाला वर्षाला पंधरा-वीस हजारांत बसेल, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी पण नाही. तंबाखू खात असाल तर खातो म्हणून लिहा, प्रीमियम वाढला तरी चालेल, लपवलं तर क्लेम अडकतो. तो मंजूर होऊन कागद हातात आला की मगच जुनीचा निर्णय. आणि कंपनीच्या मेडिक्लेमवर पूर्ण घर सोडू नका, नोकरी बदलली की तो गेला, हळूहळू स्वतःचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे पूर्ण घराला मिळून एकच आरोग्य विमा घ्या. म्हणजे तुमचे साडेआठ हजार सध्या इकडं लागणार आहेत, गोल्फच्या हप्त्याला त्यात जागा नाही.

आणखी एक. तक्रार केली की काही दिवसांनी "इर्डामधून बोलतोय, तुमच्या पॉलिसीचा बोनस अडकलाय, अमुक पैसे भरा की सुटेल" असे फोन येतात. इर्डा असे फोन करत नाही. कट करा.

पुण्याच्या साहेबांबरोबर गोल्फ खेळल्याने पुढचं प्रमोशन मिळेल अशी तुमची आशा दिसतेय पत्रात. खेळा, ओळखी वाढतात, चार तास चालणं होतं, माझा त्याला विरोध नाही. भाड्याच्या क्लबने खेळलात म्हणून कोणी कमी समजत नाही, नवीन माणसाला सगळे शिकवायलाच बघतात. पण त्या पगारवाढीचे पैसे आत्ताच मोजू नका, ६ लाखांचे मोजले होते तसे.

आता आप्पांचं. तुम्ही लिहिलंय की त्यांना कळलं तर धक्का बसेल म्हणून सांगायचं नाही. सांगा. येत्या आखाजीला गावी जाणारच आहात, जेवणं झाली की कागद समोर ठेवा आणि आकडे जसेच्या तसे सांगा, किती गेले, किती परत येऊ शकतात, तक्रार कुठंवर आलीय. त्यांनी तीस वर्षं कंडक्टरकी केली, रोज डेपोत पै पै जुळवून कॅश भरली, कमी पडली तर खिशातून भरली. ते हा हिशोब तुमच्यापेक्षा लवकर समजून घेतील, आणि त्या दिवशी बँकेत मॅडम नेमकं काय म्हणाल्या होत्या ते त्यांना बरोबर आठवत असेल, ते तक्रारीत लिहायला लागणारच आहे.